मठाचा उंबरा

फ्रीमाँट, शनिवार, १४ मार्च

आज पार्कमध्ये मी आणि माझ्या लेकीने, रियाने, एका दगडावर बसून डबा खाल्ला. दगड मधोमध खोलगट, बसायला एकदम छान. उठताना पाटी वाचली. हे दगड स्पेनमधल्या, नदीकाठच्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या पडक्या मठाचे. कुणा श्रीमंताने बोटीने आणले, मग तसेच पडून राहिले. आमचा दगड म्हणजे दाराचा उंबरा! तो खोलगटपणा मौन पाळणाऱ्या साधूंच्या पायांचा, शेकडो वर्षांचा. आणि मी उंबऱ्यावर बसून जेवले? आई असती तर ओरडलीच असती. घाईने हात लावून नमस्कार केला. खोलगट जागा भर उन्हात गार होती. का?

घरात शिरताना रिया म्हणाली, "आई, व्हॉट डिड यू स्टेप ओव्हर?"

आमच्या दाराला उंबरा नाही. मी पाय उचलला होता.