ब्रह्मी दालनातला तुरीचा दाणा

नळदुर्ग,
२८ मे १९७८

प्रिय गुलाब,

आपलं ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशातून आलेल्या आपल्या माणसांचं, चित्रदालन उघडलं. त्याला खरोखर काय लागलं ते आधी सांगतो. पैशाचं सोसायटीच्या वहीत आहे, ते सोड. बारदानाची सोळा पोती लागली, पायलीभर चिंचोके, गेरू, चुना, हळद, कोळसा. खिनबाईची दोन चित्रं वाट बघता बघता पेटीतच वाळवीनं खाल्ली, ती आता कुणाला दिसायची नाहीत. आणि चार वर्षं लागली. कळंबहून नळदुर्गाला एस.टी. रोज येते आणि चार वर्षांत तू एकदाही तिच्यातून उतरला नाहीस, हेही त्याच खर्चात धर.

तुझ्या शाळेला सुट्टी लागून महिना होत आला. तेव्हा वेळ नाही असं म्हणू नकोस. हे पत्र पूर्ण वाच, मग फाडायचं तर फाड.

बुद्धपौर्णिमेला सकाळी सोसायटीच्या गोदामाचं दार उघडलं. तू बघायला हवं होतंस! ज्या भिंतींना खताचा वास मारायचा त्या चुन्यानं पांढऱ्याफेक केल्या आणि त्यांवर ती सोळा चित्रं. बारदानाला चिंचोक्याची खळ घोटून घोटून लावली की ते कसं ताठ होतं, ही युक्ती खिनबाईला आपल्याच साळ्यांनी दाखवली म्हणे. तिच्या नणंदेनं टिकल्या लावून भरलेलं हत्तीचं कापड आहे, तिच्या दिराच्या कागदी छत्र्या आढ्याला टांगल्यात. खिनबाई रंगूनची लुंगी नेसून, अंबाड्यात चाफा खोचून दाराशी उभी. तुझ्या वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून मेणबत्त्या घेऊन आल्या आणि तिकडच्या सोनेरी बुद्धाच्या चित्रासमोर इतक्या वेळ बसल्या की मागची माणसं कुरकुरायला लागली.

या लोकांना तूच पहिल्यांदा हेरलंस, हे मी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेली ती तीन घरं. नवरे तेलंगणातले, रंगूनच्या बंदरात राबलेले, बायका तिकडच्या. तिकडून निघावं लागलं तेव्हा बोटीनं मद्रासला, तिथून हैदराबादला आणि मग खडीच्या मागं मागं आपल्या शिवारात. दुपारच्या सुट्टीत खिनबाई फाटक्या पोत्यावर कोळशानं इरावतीतल्या होड्या काढायची. आपली माणसं टँकरची वाट बघत बसलेली आणि ही बाई नदी काढतेय! तू सायकल टाकून धावत माझ्याकडं आलास. म्हणालास, अप्पा, गोदाम निम्मं रिकामंच आहे, ह्यांची चित्रं लावू, हायवेची माणसं थांबून बघतील, ह्यांना इथं पाय रोवता येईल. मी म्हणालो, उत्तम. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांदेखत.

आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोसायटीत तो विषय आला. तू सरकारी नोकर, म्हणून संचालक नव्हतास, बाहेर लिंबाखाली उभा होतास. आपली रीत तुला ठाऊक आहे. कायद्यात ती कुठं नसेल, पण भाऊबंदांत वैर पडेल असा विषय असला की आपण हात वर करत नाही. प्रत्येकानं मुठीत एक जोंधळ्याचा आणि एक तुरीचा दाणा घ्यायचा, तांब्यात हात घालायचा, एक सोडायचा. जोंधळा म्हणजे हो, तूर म्हणजे नाही. आणि जागा द्यायची असली तर एकही तूर चालत नाही. आम्ही सात जण. तांब्या पालथा केला, सहा जोंधळे पडले आणि एक तांबडी तूर.

मी बाहेर येऊन तुला सांगितलं की तूर बब्रुवाननं टाकली. तू म्हणालास, कशावरून? मी म्हणालो, अरे, माझे कान कशाला आहेत! आडतीवर अठरा वर्षं काढलीत. पोत्यावर हात मारला की आतलं धान्य सांगतो, पायरव ऐकून गिऱ्हाईक घ्यायला आलंय का नुसतं बघायला ते सांगतो. जोंधळा पडला की टिक् वाजतो, तूर पडली की टक्. बब्रुवानचा हात आत गेला आणि टक् वाजलं. तू मान खाली घातलीस. तुझा चुलतभाऊ, एका पाटीवर दोघं शिकलात, आणि त्यानं बुद्धाच्या नात्यानं तुझ्याच वस्तीला जवळ आलेल्या माणसांना जागा नाकारली. पुढच्या महिन्यात तू बदली मागून कळंबला गेलास.

आता उद्घाटनाकडं येतो. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या त्यांच्या राखणदाराचं एक चित्र आहे. आपली धनगरवाड्यातली हरणाबाई त्याच्यासमोर आली, हात जोडले, कनवटीचा भंडारा काढला आणि दोन्ही मुठींनी फासला चित्राला! घोडा पिवळा, स्वार पिवळा. सहा महिन्यांची मेहनत, आणि म्हातारी म्हणते, "देव हाय तर भंडारा नगं व्हय? कोरडाच उबा केलाय त्याला!" मी पुसायला फडकं शोधतोय, तर खिनबाईनं माझा हात धरला. हसत म्हणाली, आमच्याकडं लोक मूर्तीला सोन्याचा वर्ख चिकटवतात, मूर्ती जाड होत जाते. मग तिनंच हरणाबाईकडून चिमूट घेऊन उरलेल्या शेपटीला लावली.

दुसरी गोष्ट त्याच्याच शेजारच्या चित्राची. ते मी आधी पाहिलंच नव्हतं, शेवटच्या दिवशी टांगलेलं. चित्रात एक तांब्या आणि वर सात हात. तोंडं नाहीत, नुसते हात. त्या सभेत खिनबाई उंबऱ्यात खाली बसली होती, आपल्या चित्रांची गुंडाळी मांडीवर घेऊन. खाली बसलेल्याला उभ्या माणसाची मूठ खालून दिसते, हे आम्हा सात शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सातांतल्या एका हाताच्या चिमटीत तांबडा ठिपका होता, तुरीएवढा. त्या हाताची करंगळी अर्धी.

ह्याच गोदामात हमाली करताना माझी अर्धी करंगळी वजनकाट्याच्या साखळीत गेली, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. हरणाबाईनं चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं बया, चेरमनचं बोट! हुबेहूब!" माझ्या मागं बब्रुवान उभा होता.

मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. तो पुढं आला, चित्र जरा तिरकं लटकलं होतं ते सरळ केलं आणि म्हणाला, "अप्पा, झ्याक हाय. उतरवू नगा." मी विचारलं, तुला माहीत होतं? "व्हय की. म्या तूर टाकली न्हाय ह्ये मला ठावं. बाकीची पाच जणं माझ्यासंगं घरापतूर चालत आली, तूर टाकणाऱ्याला शिव्या देत. उरलं कोण?" मग गुलाबला का सांगितलं नाहीस रे, चार वर्षं? तर म्हणतो, "त्यानं मला इचारलं कुटं?"

गुलाब, ती तूर मी टाकली होती. का, ते तुला आता कळावं. जिथं मी पाठीवर पोती वाहिली, बोट घालवलं, चेअरमन झालो, तिथं गावानं उद्या 'गुलाब गुरुजींचं दालन' म्हणावं, हे मला सोसलं नाही. एवढंच कारण, दुसरं शोधू नकोस. औंदा विषय मीच पुन्हा मांडला आणि सातही जोंधळे निघाले, पण तुला लिहायला हात उठत नव्हता. ते चित्र टांगल्यापासून मात्र मला गाढ झोप लागते. रोज सकाळी दार उघडतो, करंगळीला राम राम करतो आणि कामाला लागतो. बब्रुवाननं तुझ्यासाठी घरात बाज टाकून ठेवलीय. ये. त्याला विचार, आणि मलाही काय बोलायचं ते बोल. राहता राहिलं माझ्या कानांचं. तो तांब्या गळका होता, म्हणून सोसायटीत पाणी भरणाऱ्या केशरबाईनं तळाला चिंधी कोंबलेली होती. दाणा पडल्याचा आवाज त्या दिवशी कुणालाच आला नव्हता.

तुझाच,
गुरुसिद्धप्पा