पानोपानी लेकीचं नाव

ताई,

नमस्कार. गुडघा डॉक्टरला दाखवलास की नुसतं तेल चोळत बसलीस?

लेक बरी आहे, जेवते. कुणाचंही अक्षर वाचणारा कॉम्प्युटर बनवण्यात तिची नऊ वर्षं गेली. पण तिचा साहेब मला धड माणूस वाटत नाही. काल घरी येऊन माझ्या पाणचट चहाचं कौतुक केलं आणि लेकीला म्हणाला, "तुमची संशोधनाची वही द्या, नुसती चाळतो." मागच्या खेपेला असंच चाळून मेल्याने तिचं काम स्वतःच्या नावावर छापलं. तरी ही वही शोधायला उठली!

मी म्हटलं, "वही सापडत नाही, उद्या या." वही मीच माझ्या उशीखाली लपवली होती. आज सकाळी बसून पानोपानी शाईने लेकीचं नाव लिहीत सुटले. ती ओरडली, "आई, शाळेची वही आहे का ही?" मग माझ्या हातातलं पेन ओढून उरलेली पानं तिनेच पुरी केली.

साहेब जिना चढतोय. दार मीच उघडते.

तुझी धाकटी