कोपरानं पाहिलेलं पाणी

चाकण, ५ मार्च

तीर्थरूप आई,

तुला आणि आबांना नमस्कार.

लेक चांगली आहे. वजन तीन किलो चारशे, दूध नीट पिते. मीही वेळेवर जेवते. आम्हा दोघींना सांभाळायला सोमवारपासून एजन्सीच्या अनुसयाबाई येतात. आपल्या वारंगा फाट्याकडच्याच आहेत, त्यामुळे काळजी करू नकोस.

काल आंघोळीच्या पाण्यात मी नवा थर्मामीटर धरला. सदतीस. बाईंनी कोपर बुडवलं आणि बाळाला परत उचललं.

"पाणी कडक हाय, ताई."

मी आकडा दाखवला.

"मग त्यालाच घाला आंघोळ. लेकराला मी न्हाई घालत."

दुसऱ्या थर्मामीटरनं पाहिलं, तर एक्केचाळीस. कंपनीत दिवसभर मी मोजमापाची उपकरणं तपासते, घरातलं मात्र तपासलं नव्हतं.

वहिनीच्या पुनमला न्हाऊ घालताना तू असंच कोपर बुडवायचीस. मी सगळ्यांसमोर हसले होते. या वेळी तर, तू येऊ नकोस, इथं शिकलेली माणसं मिळतात, असंही म्हणाले.

आबांचा गुडघा कसा आहे? हळद शिजवून झाली का?

बाई रोज विचारतात, "आई काहून आली न्हाई?" मी हळदीचं कारण सांगते. हळद संपल्यावर ते कारण चालणार नाही.

तेव्हा ये. कामाला बाई आहेत, तू नुसती बाळाजवळ बस.

तुझी,
प्रियंका