ड्रॉवरमधला सुईदोरा

मंगळवार, २ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ताईच्या बाळाला दात आले हे वाचून बरं वाटलं. आता ते पहिल्यांदा तुलाच चावणार. माझ्या पांढऱ्या कोटाचं वरचं बटण लावलं का, असं तू तिसऱ्यांदा विचारलंयस. नाही लावलं. लोंबतंय, पण पडलेलं नाही, म्हणजे आशा आहे.

आता मुद्द्याचं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. मागल्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी तुला माहीत आहेत. त्यांची भाची वाचनालयात कामाला आहे आणि तिच्यावरून तू मला येताजाता चिडवतेस. मावशींना मी तीन महिन्यांपूर्वी चष्मा करून दिला होता. काल त्या दांडीचा ढिला स्क्रू बसवून घ्यायला दुकानात आल्या. म्हणाल्या, की डोळे गेले आता. सुईत दोरा ओवता येत नाही, टाके वाकडे पडतात, डोकं ठणकतं. चाळीस वर्षांचं शिवण त्यांनी बंद केलंय आणि येत्या चौदा तारखेला, रविवारी, मशीन शिवणवर्गाला देऊन टाकणार आहेत. मला आधी का सांगितलं नाही असं विचारलं, तर म्हणाल्या, की तुझ्या दुकानाचा चष्मा चुकीचा कसा असेल, माझंच वय झालं.

सवयीने मी चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर धरला. आई, उजव्या डोळ्याची काच डावीकडे होती आणि डाव्याची उजवीकडे. मीच बसवलेली. स्क्रू मागवावा लागेल अशी थाप मारून चष्मा ठेवून घेतला आणि जुन्या चष्म्यावर त्यांना घरी पाठवलं.

बाबा चष्मा हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला त्याचं रोजचं काम करून बघायला लावायचे. शिवणाऱ्याला सुई ओवायला सांगायचे. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये त्यासाठीच ठेवलेला सुईदोरा अजून आहे. त्या दिवशी मावशींबरोबर भाची आली होती. मी तिच्याशी पुस्तकांवर गप्पा मारत बसलो आणि ड्रॉवर उघडलाच नाही.

आता काचा अदलाबदल करून, नवीन नंबराच्या टाकल्या म्हणून सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही. उलट मावशी तोंडभरून आशीर्वाद देतील. खरं सांगितलं तर भाची माझं तोंडही बघणार नाही. बाबांच्या हातून असं कधी झालंच नसतं. मी काय करू?

ताईला नमस्कार, बाळाला पापा. मला रागाव, पण पत्र लवकर लिही.

तुझा,
बारक्या


शनिवार, ६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग बाळाला ताईच्या मांडीवर टाकून तिसऱ्यांदा वाचलं. आधी जेव. तू उपाशी राहिलास म्हणून मावशींना दिसायला लागणार नाही. आणि चुकलास म्हणून तू माझा कमी झाला नाहीस. हे आधीच लिहिते, कारण पुढचं तुला गोड लागणार नाही.

बाबांच्या हातून झालंच नसतं म्हणतोस. झालं होतं. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. चौकातल्या घड्याळजीच्या काचा त्यांनी अशाच उलट्या बसवल्या होत्या आणि कळल्यावर गुपचूप बदलून दिल्या. त्या माणसाने धंदा बंद करायचं ठरवलं होतं, त्याला एकदम लख्ख दिसायला लागलं. पुढे जन्मभर तो बाबांना देवमाणूस म्हणत राहिला, आणि तो समोरून येताना दिसला की बाबा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. ड्रॉवरमधला सुईदोरा त्यानंतरचा. घड्याळजी वारला त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मला म्हणाले, की आता सांगायचं म्हटलं तरी ऐकायला कुणी उरलं नाही. हे मी आजवर तुम्हा पोरांना सांगितलं नव्हतं.

तू सरळ निघावास म्हणून मी देवापुढे रोज हात जोडत आले. अजूनही जोडते. पण तुझ्या वतीने मावशींची कडी वाजवायला देव जाणार नाही, ती तुलाच वाजवावी लागेल. आणि भाचीचं म्हणशील, तर थाप मारून तिला मिळवलंस, तरी तिच्याही समोरून तुला रस्ता ओलांडावा लागेल. एका घरात राहून कुठे ओलांडणार आहेस?

चौदा तारखेच्या आत जा. जाताना खाऊ, फुलं काही नेऊ नकोस, लाच दिल्यासारखं दिसतं. आणि ते बटण लाव.

माया आहेच, ती मोजायला बसू नकोस.

तुझी,
आई


सोमवार, १५ मार्च

बारक्याच्या आईंना,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपली फारशी ओळख नाही. पत्ता तुमच्या मुलाला दटावून घेतला. मी मागल्या गल्लीत शिवणकाम करते. अजूनही करते, मशीन जागेवर आहे.

गुरुवारी संध्याकाळी मुलगा दारात आला. पाणी नको म्हणाला, बसायलाही तयार नव्हता. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काचा कशा उलट्या बसल्या आणि स्क्रूची थाप कशी मारली तेही. मला भयंकर राग आला. तीन महिने मी माझ्या डोळ्यांना शिव्या घातल्या, गिऱ्हाइकं परत पाठवली, भिंतीकडे तोंड करून रडले. त्याने काचा नीट बसवून आणलेला चष्मा मी घातल्यावर सुई पहिल्या फटक्यात ओवली गेली, तेव्हा तर जास्तच राग आला. तोंडाला येईल ते बोलले. त्याने मान खाली घातली नाही आणि एकदाही सबब सांगितली नाही.

दुसरं एक तुम्हाला माहीत असावं. भाची मला दोन महिने सांगत होती, की चष्मा पुन्हा तपासून घे. मीच तिच्यावर डाफरले, की त्या मुलावर अविश्वास दाखवतेस का म्हणून. आता ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते आणि त्याच्याशी मुळीच नाही. मी मधे पडणार नाही. तिचं तिने बघावं.

एवढंच कळवायचं, की पुढचा चष्माही मी तुमच्याच दुकानात करीन. पण सुई ओवून बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. मुलगा चांगला वाढवलात.

कधी आलात तर मागल्या गल्लीत माझ्याकडेही या. लोभ आता सुरू झालाच आहे.

आपली,
मावशी (सगळे हेच म्हणतात)


रविवार, २८ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशींनी तुला पत्र लिहिलं म्हणे. काय लिहिलं ते विचारत नाही, जे असेल ते खरंच असणार.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. भाची आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ खुर्चीत बसली आणि डोळे तपासायला सांगितले. तपासले. नंबर काही निघाला नाही. तिने तो कागदावर लिहून मागितला, उजवा वेगळा, डावा वेगळा. मी शून्य आणि शून्य लिहिलं. तिने कागद उलटसुलट करून बघितला, म्हणाली, की हे बरंय, हे उलटं बसवलं तरी चालेल. मला हसावं की नाही ते कळेना.

मग तिने स्वतःच ड्रॉवर उघडला, बाबांचा सुईदोरा काढला आणि माझ्या हातात देऊन ओवून दाखवायला सांगितलं. चौथ्यांदा जमलं. ती वाट बघत होती. सुई परत घेऊन तिने माझं लोंबतं बटण लावलं, अंगावरच्या कोटालाच. जाताना म्हणाली, की राग अजून गेलेला नाही, आणि दुसरं बटण पुढच्या शनिवारी येऊन बघते.

आई, दुसरं बटण ढिलं नाहीये. कात्रीने थोडं ढिलं करून ठेवावं, असं सकाळपासून मनात येतंय. पण मग तेही तिला सांगावं लागेल.

ताईला नमस्कार, बाळाला पापा. तू लवकर ये, आणि तोवर माझ्यासाठी हात जोडत राहा.

तुझा,
बारक्या