दोन्ही हात सरळ

पेरग्रो, १८ जानेवारी १९२१

चि. लेओंतीन हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. बर्फ दारापर्यंत आलंय, गाई गोठ्यात आहेत, माझे गुडघे जागेवर आहेत पण ऐकत नाहीत. पत्र नेहमीप्रमाणे शाळेतल्या बाई लिहून देताहेत. मला आपली बोली तेवढी येते. तेव्हा एखादा शब्द फार शहाणा वाटला, तर तो त्यांचा समज.

तिकडे उत्तरेत तुझी खानावळ कशी चालली आहे? पडक्या गावांची घरं बांधणारे गवंडी तुझं सूप निमूट पितात म्हणतेस, म्हणजे सोशिक माणसं असणार.

पत्राचं कारण असं. रविवारी चर्च सुटल्यावर मेयरनी पायरीवर उभं राहून सांगितलं, की लढाईत मेलेल्यांना सरकार आपल्या खर्चाने थडग्यातून काढून घरी आणून देणार आहे. अर्ज पुढच्या महिन्यात बंद होतील. मी म्हटलं, माझ्या फिर्मांचा लिहा. ते म्हणाले, आधी बायकोचा हक्क, मग आईचा. मी त्याला नऊ महिने पोटात वाढवला, तू त्याच्याबरोबर एक उन्हाळा काढलास. तरी तुलाच विचारायचं. बरं, विचारते.

बाप्तिस्तच्या शेजारी जागा आहे. मुलगा बापाजवळ राहील. सही करून पाठव.

माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी सासू,
युलाली


ब्रास-सुर-म्यूझ, २९ जानेवारी १९२१

ती. आईंस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. रागावू नका, पण मला सही करायची नाही.

मी या मुलखात का आले हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या पलटणीतल्या माणसाने खूण सांगितली होती: नाल्याच्या वळणावर, जळक्या झाडापाशी, लाकडी क्रूस, त्यावर पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर त्याचं नाव. खूण बरोबर निघाली. दर रविवारी जाते. रडू येत नाही. गवत उपटते, पट्टी पुसते आणि परत येऊन बटाटे सोलते. कुणी विचारलं कशी आहेस, तर बरी आहे म्हणते, आणि ते खोटंही नाही. काहीच नसतं तेव्हा माणूस बराच असतो.

त्याच्या आजूबाजूला त्याचेच सोबती आहेत. पुन्हा खणायचं, पेटीत भरायचं, मालगाडीत चढवायचं, हे मला सोसेलसं वाटत नाही. आणि तो गेला तर मी इथे काय करू? आणि तिथे येऊन तरी काय करू?

गुडघ्यांना गरम विटेचा शेक द्या. गवंडी सोशिक आहेत हे खरंच.

आपल्या मायेवर जगणारी,
लेओंतीन


पेरग्रो, ७ फेब्रुवारी १९२१

चि. लेओंतीन,

आशीर्वाद. तुझं पत्र बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच सांगितलं, पहिल्यांदा राग ऐकू देत नव्हता.

तुला रडू येत नाही म्हणतेस. मलाही येत नाही. फिर्मां गेल्याची खबर सांगायला मेयर डोक्यावरची टोपी हातात घेऊन आवारात आले, तेव्हा मी दूध विरजत होते. त्यांचं ऐकलं आणि दूध विरजून पुरं केलं. त्या दिवसापासून विरजतेच आहे. लोक म्हणतात, युलाली खंबीर बाई. खंबीर कसली! माझा मुलगा गेला हे माझ्या कानांना कुणीतरी सांगितलं आहे, एवढंच. हातांना अजून कळलेलं नाही. पेटी खांद्यावरून जाताना बघितली, मूठभर माती टाकली, म्हणजे कळेल असं वाटतं.

बाई म्हणतात, एवढं सगळं लिहू नये, सूनबाईला वाईट वाटेल. मी म्हटलं, लिहा.

पुन्हा विचारणार नाही. तू म्हणशील तसं.

युलाली


ब्रास-सुर-म्यूझ, १४ ऑक्टोबर १९२१

ती. आईंस,

सा. न. वि. वि. तुमच्या त्या पत्रानंतर मी सही करून दिली, हे तुम्हाला कळवलंच होतं. काल त्याला काढलं. मी हजर होते.

थडग्यांच्या खात्याचा साहेब आणि दोन मजूर होते. तो माणूस भला आहे, स्वतः एका डोळ्याने अधू होऊन लढाईतून आलेला. त्याने मला लांब उभं राहायला सांगितलं, मी जवळ राहिले. कापड उरलेलं नव्हतं. बूट होते. आणि हाडं, नीट, ओळीने.

आई, दोन्ही हात सरळ होते.

लग्नाच्या आधी फिर्मां मला म्हणाला होता, डावीकडे निजू नकोस, हा हात कुशीखाली नीट बसत नाही. लहानपणी चेस्टनटच्या झाडावरून पडला आणि वैदूने हाड वाकडं बसवलं, ते तुम्ही मला कितीदा सांगितलंत, वैदूला शिव्या घालत. मी खाली वाकून डावा हात पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. खड्ड्यातला माणूसही उंच होता. आपला फिर्मां माझ्याहून जेमतेम चार बोटं वर.

मी तसं सांगितलं. साहेबाने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, बाई, नाव आहे, अर्ज आहे, पेटी आहे. तुम्ही हो म्हणालात तर याला घर मिळेल आणि आईला मुलगा. नाही म्हणालात, तर हा बेनाम होईल आणि तुमचा नवरा बेपत्ता. त्याने सांगितलं की हो म्हणणाऱ्या पुष्कळ असतात, आणि तो कुणालाच दोष देत नाही.

पेटी शेडमध्ये ठेवली आहे. गाडी भरायला वेळ आहे, तोवर उत्तर द्या म्हणाला. मी तुम्हाला न सांगता हो म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण माती तुम्ही टाकणार.

दोन वर्षं मी कुणाचं गवत उपटत होते, ठाऊक नाही. याचंही काही वाटत नाही अजून. तुम्ही सांगाल ते त्याला सांगेन.

तुमची,
लेओंतीन


पेरग्रो, १९ ऑक्टोबर १९२१

चि. लेओंतीन,

आशीर्वाद. पत्र आलं तेव्हा खड्डा खणून तयार होता. पाद्रीबुवांना दिवस सांगितला होता, पेटीवर घालायला मी लग्नातली चादर धुऊन ठेवली होती.

पहिल्यांदा मनात आलं, येऊ दे. कुणाचा तरी आहेच ना. चादर घालीन, माती टाकीन, हातांना काय कळतंय.

मग चूल पेटवायला बसले आणि ती दुसरी बाई डोळ्यांसमोर आली. त्या उंच माणसाची आई. तीही कुठेतरी चूल पेटवत असेल, कुठल्या तरी मेयरला विचारत असेल. मी तिच्या मुलाला आपल्या नावाखाली पुरलं, तर तिचं शोधणं मरेपर्यंत संपायचं नाही. आणि आपला फिर्मां? त्याचा वाकडा हात असाच कुणी पाहिला असेल, न पाहिल्यासारखं करून हो म्हटलं असेल. कुठल्या तरी चर्चमागे, दुसऱ्याच्या नावाखाली असेल तो. त्या बाईला मी काय नावं ठेवू? पण मला तसं करवत नाही.

नाही म्हणून सांग. साहेबाला माझा नमस्कार सांग. त्या माणसाला पुन्हा नीट ठेवा म्हणावं, हाडं ओळीने.

बाईंचं अक्षर इथे जरा फिसकटलं आहे. माझ्या डोळ्यांत काही नाही, त्यांच्याच आहे.

युलाली


ब्रास-सुर-म्यूझ, २६ ऑक्टोबर १९२१

ती. आईंस,

सा. न. वि. वि. सांगितलं. साहेबाने वाद घातला नाही. त्या उंच माणसाला नव्या सैनिकी दफनभूमीत पुरलं. क्रूसावर ‘अनोळखी फ्रेंच सैनिक’ एवढंच आहे. फिर्मांच्या नावाची पट्टी साहेबाने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. ती कुठे ठेवायची ते सुचत नाही. सध्या पिठाच्या डब्यामागे आहे.

खानावळ मी पुढच्या महिन्याच्या अखेरीस सोडते आहे. इथे थांबायला आता कारण नाही. तुमची हरकत नसेल तर काही दिवस तिकडे येईन म्हणते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
लेओंतीन


पेरग्रो, १२ नोव्हेंबर १९२१

चि. लेओंतीन,

आशीर्वाद. हरकत कसली? असलं विचारून मला परकं करू नकोस.

खड्डा बुजवून घेतला. खणणाऱ्याने विचारलं, अर्धा ठेवू का, पुढेमागे लागेल. मी म्हटलं, माझ्या वेळी पुन्हा खण, तेवढीच तुला मजुरी.

काल चौकात लढाईत मेलेल्यांच्या स्मारकाचा दगड उघडला. वाजंत्री होती, वारा फार होता. रिवाज असा, की मेयरनी एकेक नाव पुकारायचं आणि शाळेतल्या मुलांनी एका सुरात म्हणायचं, फ्रान्ससाठी मरण पावला. नाव, उत्तर. नाव, उत्तर. मी पुढच्या बाकावर होते, काळी शाल घेऊन, नेहमीसारखी. मग ‘वेसाद, फिर्मां’ असं पुकारलं आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत माझ्या तोंडून आलं, आपल्या बोलीत, चांगलं मोठ्याने, की तो अजून घरी आलेला नाही.

कुणी हसलं नाही. मेयरनी मुलांचं उत्तर न मागता पुढचं नाव वाचलं.

बर्फाने घाट बंद व्हायच्या आत निघ. स्टेशनवर गाडी घेऊन मी स्वतः येते.

तुझी आई,
युलाली