एका नावाच्या दोघी

३ मार्च, सोमवार

झाला सत्यानाश! वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबलाखाली गुरगुरणाऱ्या त्या सर्व्हरवर पायथन ह्या संगणकाच्या भाषेची नवी आवृत्ती चढवली, आणि ह्यांचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला आडवा! नवी म्हणते, ‘प्रिंट’च्या पुढे कंस नाहीत. बारा वर्षं बिनकंसाचं चाललं, तुझ्याच नाकाला का मिरच्या झोंबल्या?

ग्रंथपालबाईंना पुस्तकांची नवी यादी सुरू करायचीय, तिला नवी आवृत्ती लागते. ह्यांच्या प्रोग्रॅमला जुनीच, आणि तो सांभाळायचं काम आता माझ्याकडे. मुदत उलटली की तो वाचकांना ईमेलनं पत्र धाडतो — ह्यांच्याच शब्दांत. ह्यांचं बोलणं आता तेवढंच उरलंय.

बाई म्हणाल्या, “शुक्रवारपर्यंत दोन्ही चाललं तर ठीक. नाहीतर जुनं सगळं पुसून टाकते.” पुसते म्हणे! फळा आहे का तो?

४ मार्च, मंगळवार

नणंदेचा फोन. म्हटलं, एकाच मशीनवर जुनी-नवी दोन्ही नांदवायच्यात.

“म्हणजे सवत आणलीस की, वहिनी!”

“तुझ्या दादानं पहिली आणून ठेवली, निस्तरतेय मी.”

हसली. मग म्हणाली, “दोघींचं नाव एकच? मग हाक मारली की नवीच धावत येणार. जुनी कशाला उठतेय!”

तिला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. पण फोन ठेवल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला.

५ मार्च, बुधवार

चूक माझीच. कुठल्याशा पानावर लिहिलं होतं — साधं नाव नव्या आवृत्तीला देऊन टाका. मी शहाणीनं दिलं! म्हणून ‘पायथन’ म्हटलं की नवीच ओ देते.

ते नाव जुनीला परत देण्यात अख्खी दुपार गेली. समोर ह्यांची वही. अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या! एक आणि सात सारखेच. जुनीचा आकडा म्हणून अर्धा तास २.१ टाइप करत बसले, ते निघालं २.७. सातवी शिकलेल्या बाईनं आणखी किती डोळे फोडावेत?

६ मार्च, गुरुवार

दोघी आपापल्या नावानं बोलल्या. माझं डोकं मात्र ठणकतंय.

७ मार्च, शुक्रवार

प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत जुनीचं पूर्ण नाव घातलं, म्हणजे पुन्हा घोळ नको. चालला! बाई डोकावल्या — “अरे वा, जमलं की तुम्हाला!” जमलं की, म्हणजे काय?

त्या गेल्यावर बसून प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला, पुस्तक वाचावं तसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेवटाकडे एक ओळ होती — सभासद क्रमांक ५७ ला वगळा. शेजारी टीप, मशीन वाचत नाही अशी, फक्त माणसासाठी: ‘हिला पत्र नको. मी घरी सांगतो.’

सत्तावन्न म्हणजे मी.

आणि मी बायकांना मिरवत सांगायची, मला कधी पत्र येत नाही, माझी पुस्तकं वेळेवर जातात! हे नुसतं चहा घेताना विचारायचे, “झालं का गं ते?” दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं परत करायची.

गेलं सव्वा वर्ष कोणी विचारलं नाही. दवाखान्यात ह्यांना वाचून दाखवत होते ते पुस्तक अजून उशाशी आहे. निम्म्यावर खूण.

ती ओळ काढून टाकली.

८ मार्च, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी पत्र आलं.

‘तुमच्याकडचं पुस्तक यायचं राहिलंय. ४५२ दिवस झाले. वाचून झालं असेल तर आणून द्या. झालं नसेल तर सावकाश, पण वाचा मात्र.’

खुणेचं पान उघडलं. मोठ्यानं वाचायला बसले.