फोटोंच्या मागच्या बाजू

बाबा, तुमचा कॉम्प्युटर अजून चालतो. दिवाळीला नागपूरहून दादा आला होता, त्यानं तो मला न विचारता अपग्रेड करून दिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तो गेल्यावर मी तुमच्या फोल्डरमधला एक फोटो उघडला, तर भलतीच काळी खिडकी उघडली आणि कोपऱ्यातून विचारणा झाली, फोटो सुधारू का? आईचा रंग सुधारणारे हे कोण? फोटो पाहायचा आपला जुना साधा व्ह्यूअर, खाली पुढं-मागं जायचे दोन बाण असलेला, तो गायब. मी बाण दाबत गेले. आईनंतर आत्या, आत्यानंतर मावशीच्या लग्नाचा मांडव. फोटोंच्या मागच्या बाजू कुठंच नव्हत्या.

हे मागच्या बाजूचं वेड तुम्हाला ऑफिसनं लावलं. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि तुमच्या टेबलावर छायाप्रतींचे गठ्ठे येऊन पडले. कुणीतरी एका शिपायाच्या अर्जाची फक्त पुढची बाजू काढली होती, मंजुरीचा शेरा मागं राहून गेला, आणि तो माणूस वर्षभर तुमच्या दाराशी येऊन उभा राहायचा. भाताचा घास हातात तसाच धरून तुम्ही म्हणाला होतात, "कागदाले मागची बाजू असते. ते पाहल्याबिगर सही करू नये." रिटायर झाल्यावर तुम्ही घरातले सगळे फोटो स्कॅन केले. एका उन्हाळ्यात पुढच्या बाजू, दुसऱ्या उन्हाळ्यात मागच्या, आणि नंबर असे दिले की बाण दाबल्यावर फोटोपाठोपाठ त्याची मागची बाजू यावी. तिथं तुमच्या अक्षरात कोण, कुठं, कधी. मूळ अल्बम वाळवीनं खाल्ले. तुमचं अक्षर आता माझ्याकडे आणखी कुठंच नाही.

आणि दादा तर तुमच्या तोंडावर म्हणायचा, मागच्या बाजू कशाला ठेवता, जागा खातात. मी फोन लावला. "मी काहून मिटवीन? मी तं फक्त अपग्रेड केलं. नीट पाह्य ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुले त्या पहिल्यापासूनच नको होत्या. आता बाबा नाहीत, मोकळं रान भेटलं." तो हिंदीत बोलला, "ठीक है, जो समझना है समझ." तो माझ्याशी हिंदीत बोलला की समजावं, मनातून दुखावलाय.

माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, पुराना वाला गया नहीं है, सिर्फ लिस्ट से छुपा दिया है." फोटो कशात उघडायचा त्या यादीत त्याचं नाव परत आणणारी एक लहानशी फाइल मिळते म्हणे, फुकट. फुकट म्हटल्यावर मला आणखीच संशय. रविवारी ती गुढियारीला घरी आली, तेव्हा मी तिला तिच्या फोनवरून ती फाइल मोठ्यानं वाचायला लावली आणि स्क्रीनवर ओळीखाली पट्टी धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं, तुम्ही आणि तुमचे ऑफिसातले जोडीदार प्रती ताडून पाहायचात तसं. ती हसत होती, पण वाचत राहिली. मग ती फाइल चालवून जुना व्ह्यूअर निवडला, 'नेहमी हाच' वर टिचकी मारली, फोटो उघडला आणि बाण दाबला.

आई. मग तुमचं अक्षर.

सगळ्या होत्या, बाबा. नवा व्ह्यूअर फोटो तारखेनं लावत होता, त्यामुळं दुसऱ्या उन्हाळ्यातल्या मागच्या बाजू एकगठ्ठा पार शेवटी गेल्या होत्या. मी दहा-बारा वेळा बाण दाबला आणि निकाल दिला. फोल्डर उघडून पाहायची तसदी घेतली नाही. तरीही माझी खात्री पटेना. ती मुलगी गेल्यावर मी एकही न गाळता पाहत बसले, निदान एखादी तरी दादानं उडवली असेल म्हणून. म्हणजे त्याची चूक सापडावी असंच मला वाटत होतं.

अशी मी त्या फोटोपाशी आले. स्वयंपाकघरात आई, हातात उलथणं, सगळं हललेलं. मी तेरा वर्षांची होते, तुमचा कॅमेरा न विचारता घेतला होता. रोल धुऊन आला तेव्हा तुम्ही सदर बाजारातल्या दुकानातच सगळ्यांसमोर म्हणालात, "हात काहून हालला पोट्टे? फोटो वाया घातला." त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. इतकी वर्षं हा फोटो आला की मी बाण दोनदा दाबायची, त्यामुळं त्याची मागची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. या वेळी पाहिली. तुम्ही लिहिलंय, "पोरीने काढला. हात हलला. पण ही हसली ती यातच."

मी खूप रडले. तुम्ही हे तोंडानं का नाही सांगितलं, याचा रागही आला.

दादाला फोन करायचा आहे. तो करता येईना, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले आहे.